एक्केचाळीस नंबरचे वडील

क्रिकेटपटूंना वडील असतात, हा विचार चेन्नईला येईपर्यंत माझ्या डोक्यात कधी आलाच नव्हता.

दोन हजार चार-पाचची गोष्ट. मी अंबत्तूरच्या एका कारखान्यात गाड्यांचे सुटे भाग तपासायचो आणि उरलेल्या वेळात च्युइंगगम चघळायचो. गमची आवड नव्हती हो! पाकिटात क्रिकेटपटूचं कार्ड निघायचं. पुढे फोटो, मागे धावा, बळी आणि नंबर. सेट शंभर कार्डांचा. वयाच्या चौतिसाव्या वर्षी माझ्याकडे त्यातली नव्याण्णव कार्डं होती, शिवाय दुबार कार्डांचा ढीग आणि दुखरा जबडा. फक्त एक्केचाळीस नंबर, एक डावखुरा फिरकी गोलंदाज, तीन वर्षं हुलकावणी देत होता.

"विनू, या वयात लोक फ्लॅट बुक करतात," माझी बायको मंजिरी म्हणायची.

"फ्लॅट कुणालाही मिळतो. एक्केचाळीस नंबर मिळवून दाखव!"

आणि मिळायची वेळ आली. तिरुवल्लिकेणीतल्या एका मॅन्शनमध्ये (मॅन्शन म्हणजे एकट्या पुरुषांची लॉज, नावावर जाऊ नका) सेंथिल नावाचा एक तरुण राहायचा. त्याच्याकडे एक्केचाळीस नंबरची दोन कार्डं होती आणि त्याला हवा होता झेप घेऊन झेल पकडणारा विकेटकीपर. तो माझ्याकडे दुबार होता. अदलाबदल रविवारी दुपारी तीनला माझ्या घरी ठरली. त्याच संध्याकाळी सेंथिल चेन्नई कायमची सोडून तिरुनेलवेलीला जाणार होता. म्हणजे आत्ता नाही तर कधीच नाही!

अडचण एकच. माझी कार्डं बुटांच्या खोक्यांत कोंबलेली होती आणि मला रविवारपर्यंत कंपनीच्या कामाला पुण्याला जायचं होतं. खालच्या मजल्यावरचे माधवराव मदतीला धावले. त्यांचे पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी तंजावरला आले. त्यांच्या घरातलं मराठी अजून त्याच सुमाराचं. त्यांनी स्वतः तीस वर्षं सरकारी रेकॉर्ड रूम सांभाळलेली.

"आम्हीं लावून ठेवतों. तुम्हीं निश्चिंत जावें," ते म्हणाले.

"नावाप्रमाणे लावा हं काका," मी म्हणालो आणि गेलो. तो एक शब्द मी गिळला असता तर बरं झालं असतं.

रविवारी दुपारी परत येऊन बघतो तर खोक्यांत कार्डं नाहीत, खाकी कव्हरं! एकेका कार्डाला एकेक कव्हर, खळ लावून चिकटवलेलं. वर सुरेख अक्षरात लिहिलेलं, 'दामोदर/७'.

"काका, हा दामोदर कोण?"

"वेस्ट इंडीजचा तो उंच गोलंदाज आहे ना, त्याचे अप्पा."

"अप्पा?"

"नांवाप्रमाणें लावा म्हणालेत. आमच्याकडे आधीं अप्पाचें नांव, मग पुत्राचें. आडनांव आमच्याकडे कुठें असतें?"

"बरं, मग कव्हरावर त्या पुत्राचं नाव तरी कुठाय?"

"आंत कार्डावर छापलें आहे कीं! दोनदां कशास लिहावें?"

माझा आवाज बारीक झाला. "पण त्याच्या वडलांचं नाव दामोदर, हे सांगितलं कुणी?"

"तुमच्या मंडळींनीं."

मी स्वयंपाकघराकडे वळलो. 'मंडळी' दोसे घालत होत्या.

"मग काय करणार?" मंजिरी म्हणाली. "दिवसातून वीस वेळा बेल! 'ह्याच्या अप्पाचें नांव काय?' मला काय ठाऊक? दामूमामा, भाऊकाका, गणूकाका, जो आठवेल त्याचं नाव सांगत गेले."

"तू वेस्ट इंडीजचा गोलंदाज दामूमामाच्या पदरात घातलास?"

"त्यांना मूलबाळ नाही रे. बरं वाटेल त्यांना."

मी तिरीमिरीत एक कव्हर फाडलं. कार्ड बाहेर आलं, फलंदाजाचं डोकं कव्हरातच राहिलं! नशीब, तो दुबार होता. माधवरावांनी कपाळाला हात लावला. "अय्यो! ओल्या फडक्यानें सोडवावें लागतें. एकास दहा मिनिटें."

तेवढ्यात बेल वाजली. सेंथिल! एका हातात ट्रंक, दुसऱ्या हातात एक्केचाळीस नंबर. चारला निघालं नाही तर त्याची गाडी चुकणार होती. त्याला कॉफी दिली आणि आम्ही विकेटकीपरच्या वडिलांच्या शोधाला लागलो.

"आठव मंजिरी! विकेटकीपर! सारखा ओरडतो."

"ओरडतो? मग भाऊकाका!"

भाऊकाका/१ ओलं केलं, थांबलो, सोडवलं. सलामीचा फलंदाज.

"झेप घेतलीय का त्याने? मग गणूकाका असतील. ते आंब्यावरून पडले होते."

गणूकाका/३. पाकिस्तानचा वेगवान गोलंदाज. गणूकाकांना कळलं असतं तर पुन्हा पडले असते.

"आणखी कोण कोण आहेत तुमच्यात?" मी रडकुंडीला आलो.

मंजिरी दोसा उलटत राहिली. मग हळूच म्हणाली, "काका-मामा बुधवारीच संपले होते. पुढे मी तुझंच नाव सांगितलं."

तिसरं खोकं उघडलं. विनायक/१ पासून विनायक/४४ पर्यंत!

"मोठें कुटुंब," माधवराव कौतुकानं म्हणाले.

"सार, टैम आच्चु!" सेंथिल घड्याळ दाखवत उठला. माझं तोंड एवढंसं झालं. तीन वर्षं, एवढा जबडा झिजवला, आणि एक्केचाळीस नंबर समोर दिसत असून दाराबाहेर चालला होता. पण पोरगा दिलदार निघाला. त्यानं कार्ड माझ्या हातात ठेवलं आणि म्हणाला, "एनी वन कव्हर गिव्ह, सार. लक इरुंदा, कीपर!" नशीब असलं तर कीपर निघेल, नाहीतर नाही. मी देवाचं नाव घेऊन, दुबारच असू दे म्हणत, माझ्या ढिगातून विनायक/१७ उचललं आणि त्याला दिलं. तो रिक्षात बसून गेला.

सेट पूर्ण झाला! शंभरच्या शंभर! खरं सांगतो, माझे डोळे भरून आले. मंजिरीनं शिरा केला, माधवरावांनी दोनदा घेतला.

तासा-दोन तासांत फोन वाजला. गाडीच्या खडखडाटातून सेंथिल ओरडत होता.

"सार, ओपन पण्णिट्टेन!"

"उघडलंस? कीपर?"

"नो सार! लेफ्ट आर्म स्पिन्नर! सेम कार्ड, सार! नाऊ अगेन ऐ हॅव टू फॉर्टी-वन!"

मी फोन ठेवला आणि माधवरावांकडे पाहिलं.

"काका, माझ्या खोक्यात एक्केचाळीस नंबर होता?"

"नंबर आम्हीं पाहत नाहीं, अप्पा पाहतों," ते बोट चाटत शांतपणे म्हणाले. "मात्र दोन कार्डें दमटीनें एकास एक चिकटलीं होतीं. तीं आम्हीं सोडविलीं."

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, ते परवडलं. मी तीन वर्षं ज्याच्यासाठी गाव पालथं घातलं तो माझाच सतरावा मुलगा निघाला, आणि बापानं त्याला तोंडही न बघता तिरुनेलवेलीच्या गाडीत बसवून दिलं होतं!