मबरूकचे बिनडोळ्यांचे पुतळे

ट्युनिशियातल्या रदेयेफ गावात मबरूक वेल्डरने खाणीच्या भंगारातून रस्त्याकडेला माणसं उभी केली होती. बरगड्या साखळ्यांच्या, तळहात फावड्यांचे, पाय सिमेंटात गाडलेले आणि तोंडं रस्त्याकडे. डोळे मात्र एकालाही नव्हते. बापाने बजावलं होतं, "डोळे दिलेस, तर कयामतीच्या दिवशी पुतळा तुझ्याकडे जीव मागेल. कुठून देशील?"

मग खाणीत दगावलेल्या लमीनचा, म्हणजे त्याच्या धाकट्या भावाचा पुतळा झाला. मबरूकची बायको दलंदा फणकारली, "सख्ख्या भावालाही आंधळाच ठेवणार का रे? जन्मभर अंधारातच राबला बिचारा!"

"तोंडाचा पट्टा आवर," मबरूक खेकसला. पण संध्याकाळी त्याने गुपचूप बेअरिंगच्या दोन गोळ्या लमीनच्या चेहऱ्यावर जोडल्या.

सकाळी दलंदाने दार उघडलं आणि ती उंबऱ्यातच थिजली. "मबरूक, यांना कुणी हलवलं?"

लमीन तसाच रस्त्याकडे बघत होता. बाकीचे सगळे मात्र मबरूकच्या दाराकडे वळले होते. सिमेंटला साधा तडाही नव्हता. काजळ घालून घेताना पोरं करतात, तसे त्यांनी आपले कोरे चेहरे जरा वर केले होते.