शिट्टी वाजणारा फोन

कोल्हापुरात नाव सांगितलं की काम संपत नाही, तिथून सुरू होतं. नावानंतर आडनाव, आडनावानंतर गाव, गावानंतर गल्ली. आमचं आडनाव गावावरून पडलेलं, शेवटी ‘कर’ लागलेलं. ते ऐकून समोरच्याला काहीच पत्ता लागत नसे, आणि मग त्याची जी तगमग सुरू व्हायची ती बघण्यासारखी असे. “कागलकडचे व्हय? मग कुणाच्यातले म्हणायचे तुम्ही? देव कुठला तुमचा?” आम्ही बौद्ध. आजोबांच्या वेळी घरानं धर्म बदलला, वडील एसटीच्या वर्कशॉपात लागले, मी शिकलो. लपवण्यासारखं काही नव्हतं आणि वडिलांनी कधी लपवलंही नाही. चिडका मीच. उत्तर दिलं की समोरचा चेहरा जरासा थांबायचा आणि मग गरजेपेक्षा जास्त गोड व्हायचा. त्या गोडीचा मला उबग आला होता. म्हणून मी माणसांत जाणंच कमी केलं, आणि वर ‘मला एकटंच बरं वाटतं’ असं सगळ्यांना सांगत सुटलो. ते खरं नव्हतं.

नव्वदच्या दशकाच्या मधल्या वर्षांत मी शिवाजी पेठेत एका खोलीत भाड्यानं राहत होतो. एक जुना कॉम्प्युटर घेतला होता आणि त्यावर फौंड्रीवाल्यांची बिलं आणि पत्रं टाइप करून द्यायचो. खाली तालमीतली पोरं फुटबॉलवरून भांडत असत, वर मी की-बोर्ड बडवत असे. दिवसचे दिवस मालकीणबाईंच्या “लाइट बंद केली का?” याखेरीज माझ्याशी कुणी बोलत नसे.

अशात पुण्याहून आलेल्या एका गिऱ्हाइकानं मला मोडेम, म्हणजे कॉम्प्युटरला फोनच्या तारेवरून बोलायला लावणारा डबा, दाखवला आणि ‘बोर्ड’ नावाच्या प्रकाराची गोष्ट सांगितली. इंटरनेट तेव्हा आमच्याकडे यायचं होतं. काही हौशी लोकांनी आपापल्या घरी कॉम्प्युटरला मोडेम आणि फोन जोडून ठेवला होता. तुम्ही तो नंबर फिरवायचा, पलीकडचं यंत्र शिट्टी मारून फोन उचलायचं, मग तुम्ही आत जाऊन लोकांनी लिहून ठेवलेलं वाचायचं, आपलं चार ओळींचं लिहायचं आणि बाहेर पडायचं. दिवसातून एकदा ही यंत्रं एकमेकांना फोन करून आपल्याकडचा मजकूर पुढच्याला देत. कोल्हापुरातलं सांगलीला, सांगलीचं पुण्याला. मालक कुणीच नाही. ज्याच्या घरात यंत्र, तो आपल्या घरचा राजा. एकानं हाकललं तर माणूस दुसऱ्याच्या दारात जाऊन बसे. एखाद्याच्या घरची वीज गेली की अर्ध्या लोकांचा मजकूर तिथंच अडकून पडे आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या नावानं शिमगा होई.

मीही माझं यंत्र जोडलं. फोन एकच असल्यानं माझ्या बोर्डावर एका वेळी एकालाच येता यायचं. आज मागं वळून बघताना त्याचं हसू येतं. आम्ही सगळे एकमेकांचे जिवलग, पण दोघं कधी एकाच वेळी तिथं नसायचो. तुम्ही यायचं, आधी कोण येऊन गेलं ते बघायचं, त्याच्याशी भांडायचं, आणि तो उद्या येऊन वाचणार. आमच्यासारख्यांना हे मानवलं. कारण आम्ही सगळे एकाच मातीचे होतो: बोलायला तोंड न उघडणारे आणि लिहायला बसलो की न थांबणारे. सांगलीचे एक निवृत्त गृहस्थ होते, ते सगळं इंग्रजी कॅपिटल अक्षरांत लिहीत, जणू कानाशी ओरडतायत. एक डॉक्टर होते, त्यांना जुन्या रेडिओंचं वेड. एक कॉलेजचा पोरगा होता, तो प्रत्येकाची चूक काढायचा आणि स्वतः रोज करायचा.

आणि एक नियम होता. खरं नाव विचारायचं नाही, गाव विचारायचं नाही. सुरुवातीला तो फोन खात्याच्या भीतीनं आला असणार. आपण करतोय ते चालतं की नाही, हे कुणालाच नक्की माहीत नव्हतं. पुढं भीती गेली, नियम राहिला. नवा माणूस आला आणि त्यानं “आपण कुठले?” विचारलं की चहूकडून त्याला फटके पडत. फटके मारणाऱ्यांत मी पहिला. ज्या गावात पहिला प्रश्नच तो, तिथं तो न विचारणारी एक जागा मला मिळाली होती. तिथं मी फक्त ‘खिळा’ होतो. एका जागी ठोकलेला, म्हणून खिळा.

‘कांडी’ तिथंच भेटला. मागाच्या धोट्यात सूत गुंडाळलेली जी कांडी घालतात, ते नाव त्यानं घेतलं होतं. तो कबनूरहून लिहायचा, हे त्याच्या लिहिण्यातूनच कळलं. कबनूर म्हणजे यंत्रमाग, रात्रंदिवस खडखडाट. त्यानं एकदा लिहिलं होतं, “माग बंद पडले की मला झोपेतून जाग येते.” दुसऱ्या वेळी आईनं घातलेल्या सांडग्यांवर लक्ष ठेवता ठेवता लिहितोय, कावळे फार झालेत, असं लिहिलं. इंग्रजी अक्षरांतलं मराठी, वाचायला कसरत. पण त्याचं आलं की मी चहा बाजूला ठेवून वाचायचो. माझ्या चिडकेपणावर तो कधी चिडला नाही. उलट विचारायचा, “खिळ्या, आज कुणी हातोडा मारला?”

पुढं गल्लोगल्ली सायबर कॅफे आले. तिथं रंगीत चित्रं, गाणी, अमेरिकेतल्या माणसाशी त्याच क्षणी गप्पा. बोर्डावरचे लोक एकेक करून गळाले. डॉक्टरांनी निरोपाचा लांबलचक मजकूर लिहिला, बाकीच्यांनी तेवढंही केलं नाही. सांगलीच्या गृहस्थांचं यंत्र एक दिवस फोन उचलेनासं झालं आणि पुण्याकडची साखळीच तुटली. राहिली दोन यंत्रं, माझं आणि कांडीचं. रोज पहाटे माझं यंत्र त्याच्या यंत्राला फोन करी, दोघं शिट्ट्या मारत, आणि उठल्यावर मला त्याचं वाचायला मिळे. दोन माणसांसाठी एवढा खटाटोप कशाला, असा साधा प्रश्न आम्हाला पडला नाही. सरळ फोन उचलून बोलता आलं असतं. पण तसं करायचं नसतं, एवढं दोघांच्याही अंगात भिनलं होतं.

त्याच सुमारास वडील गेले. दिवस झाल्यावर मी गावाकडून परत आलो, खोलीचं कुलूप काढलं आणि लक्षात आलं की या शहरात ही गोष्ट सांगायला मला एकच माणूस आहे, आणि त्याचं नाव मला माहीत नाही. मी त्याला सगळं लिहिलं. वडिलांचा डबा, त्यांचे ग्रीसचे हात, सगळं. आणि शेवटी लिहून गेलो: “आता आपण दोघंच राहिलोय. तुझं खरं नाव काय? गाव कुठलं तुझं मूळचं?”

तिसऱ्या दिवशी उत्तर आलं. वडिलांबद्दल त्यानं फार चांगलं लिहिलं होतं. त्याखाली एकच ओळ होती. “हे आपलं ठरलं नव्हतं.”

मी लगेच लिहिलं की बाबा, विसर, चुकून विचारलं. त्याच्याकडून काही आलं नाही. माझं यंत्र पहाटे फोन करी, पलीकडे नुसती घंटी वाजत राही. मग काही दिवसांनी घंटीही थांबली आणि बाईचा तो रेकॉर्ड केलेला आवाज लागला: हा क्रमांक अस्तित्वात नाही. मी घाबरलो. खरंच घाबरलो. आजारी असेल, मेला असेल, की माझ्यावर रागावला असेल? डिरेक्टरी काढली, पण आडनाव माहीत असल्याशिवाय डिरेक्टरीचा उपयोग तरी काय. शेवटी एका दुपारी एसटी पकडली आणि कबनूरला गेलो.

स्टँडजवळच्या चहाच्या गाड्यावर विचारलं, “इथं एक जण राहतो, घरी कॉम्प्युटर असलेला. मागावर काम करतो.”

“नाव काय?” गाडेवाला म्हणाला.

“माहीत नाही.”

“आडनाव तरी सांगा की पावणं. आडनावाबिगर कसं घावणार माणूस?”

आयुष्यभर मी ज्या प्रश्नाचा राग राग केला, त्याचं उत्तर जवळ नाही म्हणून आता मी उन्हात उभा होतो. सांडगे घालणाऱ्या आया कबनुरात घरोघरी होत्या. तीन-चार ठिकाणी विचारून झालं. एका किराणा दुकानदारानं तर मला वसुलीवालाच समजून बाहेरची वाट दाखवली. मग सुचलं म्हणून एका पिठाच्या गिरणीत विचारलं, “कुणाच्या घरी फोन लावला की शिट्टी वाजायची का हो?”

गिरणीवाला पीठ झाडत हसला. “व्हय की! लय डोकं उठवलं हुतं त्या शिट्टीनं. आमच्या मेहुण्याचा नंबर त्याच्याजवळचा. चुकून लावला की कानात कुईं!” मग त्यानं हात लांब करून दाखवलं, “त्यांचं घर तिकडं हाय. कमानीच्या पल्याड.”

तो हात ज्या तऱ्हेनं लांब झाला, आणि ‘तिकडं’ हा शब्द ज्या तऱ्हेनं आला, ती तऱ्हा मला लहानपणापासून ओळखीची होती. आमच्या गावातही परक्या माणसाला आमचं घर असंच दाखवतात. कमान निळ्या रंगाची होती.

घराचं दार उघडंच होतं. एक म्हातारी बाई उंबऱ्याशी धान्य निवडत बसली होती. आतल्या भिंतीवर निळ्या कोटातला, हातात पुस्तक धरलेला तो फोटो होता, त्याला हार घातलेला. आमच्या घरात वडिलांनी लावलेला फोटो अगदी तोच. मी फोटोकडे बघत राहिलो.

“कोण पायजे?”

“तुमच्या मुलाचा मित्र आहे. कोल्हापूरचा. फोनवरून लिहायचो आम्ही एकमेकांना.”

“त्यो खिळा का काय म्हणायचा, त्यो तुम्ही?” बाई उठून उभी राहिली. “बसा की. त्यो न्हाय घरात. सुरतंला गेलाय मागाच्या कामाला. हिकडं माग बंद पडाय लागलं. जायच्या आधी मशीन इकून टाकली, फोनबी काढला.”

जिवंत आहे म्हटल्यावर माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. “मशीन का विकली?” मी विचारलं. “त्याला किती आवडायची.”

“आवडायची तर काय! पर एक दिवस सक्काळी उठून वाचलं, कायतरी लिवलं, आणि तवापासनं हात लावला न्हाय. मी म्हटलं, का रं? तर म्हणाला, आई, तिथंबी आता इचाराय लागल्यात.”

“काय विचारायला लागले?” हे मी का विचारलं कोण जाणे.

“नाव, गाव. आणि काय इचारत्यात लोक?” ती म्हणाली आणि आत गेली.

मी चटईवर बसून होतो. इतकी वर्षं दोन टोकांना आम्ही दोघं, एकच गोष्ट एकमेकांपासून जपत होतो. त्याला वाटलं असणार, खिळा म्हणजे पेठेतला कुणीतरी बडा. मला वाटत होतं, कांडी त्या विचारणाऱ्यांतला. दोघंही त्या नियमाखाली सुखानं लपलो, आणि ज्याला मी जवळ ओढायला गेलो तो त्याच हातानं दूर लोटला गेला. माझे डोळे भरून आले आणि स्वतःचा भयंकर रागही आला.

बाई पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. माझ्यापर्यंत येऊन थांबली. तांब्या तिनं पुढं केला नाही, हातातच धरून ठेवला आणि अदबीनं विचारलं, “पाणी चालंल न्हवं तुम्हास्नी आमच्यातलं?”

मी उठून उभा राहिलो, हात जोडले, आणि आमच्या घरात माणसं भेटल्यावर एकमेकांना जे म्हणतात, ते म्हणालो.

तिनं माझ्याकडं बघितलं, भिंतीकडं बघितलं. मग तांब्या माझ्या हातात कोंबून ती ओरडलीच, “आरं मग हे आधी सांगायचं की रं!”

आधी म्हणजे कधी, हे तिला काय सांगणार? मी पाणी प्यालो. तिनं भाकरी वाढली, सांडगे तळले, आणि मला सगळं विचारून घेतलं: नाव, आडनाव, गाव, आई कुठं असते, लग्न का नाही केलं. मी एकाही प्रश्नाला चिडलो नाही. निघताना मी माझं पूर्ण नाव पुन्हा सांगितलं, नंबर दिला. मुलाचा शेजारच्या दुकानात फोन येतो, आला की सांगते, म्हणाली. “पर त्या शिट्टीच्या फोनवर त्यो कसा बोलणार?”

तेवढं तिचं बरोबर होतं. घरी आल्या आल्या मी मोडेमची वायर काढली आणि साधा फोन जोडला. बोर्ड तिथं संपला. त्यावर यायला आता कुणी नव्हतंच.

बरेच दिवस फौंड्रीवाल्यांचेच फोन येत राहिले. प्रत्येक घंटीला मी पळत जायचो आणि बिलाची चौकशी ऐकून नुसता बसायचो. मग एका संध्याकाळी उचलला तर पलीकडून कुणी बोलेना. मागे मागांचा खडखडाट चालू होता. शिट्टी येईल म्हणून तो थांबला असावा. त्याच्या आईला हात जोडून म्हणालो होतो तेच मी त्याला म्हणालो.

खडखडाट तसाच चालू राहिला. मग त्यानंही तेच परत म्हटलं. त्याचा आवाज मी पहिल्यांदा ऐकत होतो, वाटला होता त्यापेक्षा बारीक होता.

मग तो म्हणाला, “खिळ्या, गाव कुठलं रं तुझं?”