आष्टा रस्त्यावरचं गूळ-पाणी

हणमंतला वजनकाट्यावर नीट उभंही राहता येत नव्हतं. त्याचे उस्ताद, निवृत्त सुभेदार, त्याला बगलेत धरून उभे होते.

"सोडा त्याला, वजन चुकीचं भरेल," मी म्हणाले. आष्ट्याच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणून रुजू झाल्यापासून एवढं ठाम वाक्य मी पहिल्यांदाच बोलले असेन.

पहाटे पळायला निघताना तो अठ्ठावन्न किलो होता. आता साडेचोपन्न.

बहात्तरच्या दुष्काळाला दोन वर्षं झाली होती. वैशाख सुरू होता. हणमंत मूळचा उंब्रजचा, लष्करात नायक. सुट्टी काढून आष्ट्याला बहिणीकडे राहिला होता, कारण मॅरेथॉनची निवड-शर्यत याच रस्त्यावर होणार होती. सांगलीहून आष्ट्याच्या वेशीपर्यंत आणि परत. दोन तास चाळीस मिनिटांच्या आत आला तर राष्ट्रीय कॅम्प, नाहीतर परत युनिट. तो एकोणतीस वर्षांचा होता. पुन्हा अशी सुट्टी मिळणार नव्हती.

दोन्ही बाजूंना ऊस, पण रस्त्यावर सावली नाही. पंचवीस किलोमीटरपर्यंत तो वेळेत असायचा. पुढे पायांचं लाकूड व्हायचं.

"साडेतीन किलो पाणी गेलंय," मी सांगितलं. "याला डिहायड्रेशन म्हणतात. घामातून पाणी आणि मीठ जातं, अंग तापत राहतं. वाटेत पाणी प्यायलाच हवं."

सुभेदार हसले. "डॉक्टरबाई, आमी आयुष्यभर पोरं पळवली. पळताना पाणी प्यालं की पोटात गोळा येतोय. घोड्याला पळता पळता पाजतंय का कोण?"

घोड्याला बेचाळीस किलोमीटर पळायचं नसतं, हे उत्तर मला घरी गेल्यावर सुचलं. तिथे मी फक्त "ओके" म्हटलं. दुसऱ्या दिवशी इंग्रजीत टाइप केलेला रिपोर्ट दिला. सुभेदारांनी त्याची घडी घातली आणि वारा घेतला.

दोन दिवसांनी हणमंतच्या तळपायाचे फोड बघायला मी त्याच्या बहिणीकडे गेले. तो नुकताच पळून आला होता. बहिणीची सासू, जिला सगळे आक्का म्हणत, तांब्या आणि गुळाचा खडा घेऊन बाहेर आली. आधी सुभेदार प्याले, मग हणमंत. धापा टाकत, दोन तांबे.

मी हळूच विचारलं, "सुभेदार, हे पाणी चालतं?"

"ह्ये पाणी न्हवं, बाई. गूळ-पाणी हाय. म्हातारं माणूस हातात देतंय, त्याला न्हाई कसं म्हणायचं?"

मीही माझा खडा तोंडात टाकला.

दुसऱ्या दिवशी आक्काला एकटीला गाठलं. काय हवंय ते सांगितलं.

"रस्त्यावर हुबं ऱ्हाऊन पाजू? पोरी, गूळ-पाणी दारात देत्यात."

"रस्ता तुमच्या मळ्याला लागूनच जातो ना?"

आक्काने क्षणभर विचार केला. "व्हय की. बांधावर आला तरी पाव्हणाच." तिनेच पुढे एका नणंदेचा आणि एका विहिणीचा मळा जोडून दिला. फक्त गुळाच्या पाण्यात मीठ घालायला ती तयार नव्हती. "लोक म्हणतील, म्हातारीला चव कळंना." शेवटी चिमूटभरावर तडजोड झाली.

पहिल्या दिवशी बांधावर आक्का दिसताच हणमंत थांबला. मागून सायकलवर सुभेदार ओरडत आले, "पळ रं! थांबतोस काय?"

आक्काने तांब्या त्यांच्यापुढे धरला. "आवं सुभेदार, उतरा की खाली. सायकलीवर बसून घेत्यात व्हय गूळ-पाणी?"

सुभेदार उतरले.

सुरुवातीला हणमंतच्या पोटात दुखलंच. तेवढं सुभेदारांचं बरोबर होतं. मग मी तांब्याऐवजी चार घोट केले, पण दर मळ्याला. तिसऱ्या आठवड्यात काट्यावर फक्त दीड किलोचा फरक आला. पाय शेवटपर्यंत पायच राहिले.

शर्यतीला ड्यूटीवर डॉक्टर मीच होते. नियमानुसार पाणी ठरलेल्या टेबलांवरच द्यायचं, म्हणून ती टेबलं मी त्याच तीन मळ्यांसमोर मागून घेतली. टेबलामागे त्याच तिघीजणी, डोक्यावर पदर घेऊन.

प्रमुख पाहुणे उशिरा आले. सहाची शर्यत साडेसातला सुटली. नऊ वाजता सांगलीत शेवटच्या दोरीपाशी उभी असताना माझीच चप्पल डांबराला चिकटत होती. जीपमधून निरोप येत होते: अमका बसला, तमक्याला गोळे आले. सुभेदार माझ्या शेजारी उभे होते. एकदाच म्हणाले, "आक्का असंल न्हवं टेबलाला?"

"आहे," मी म्हटलं.

दहा वाजून सहा मिनिटांनी वळणावर हणमंत दिसला. एकटा, ताठ. दोरी तुटली तेव्हा घड्याळात दोन तास सदतीस मिनिटं झाली होती. लोकांनी त्याला उचललं. सुभेदार गर्दीत घुसले आणि ओरडले, "खाली ठेवा त्याला! आदी काट्यावर!"

पावणेदोन किलो.

हणमंत कॅम्पला गेला. सुभेदार हल्ली नव्या मुलांना वाटेत गूळ-पाणी पाजतात, चिमूटभर मीठ घालून. ही आपल्याकडची जुनी पद्धत आहे, असं सांगतात. मी दुरुस्ती करत नाही. मुलं पितात.