बॅलेसाठी वयाचा दाखला

बॅले मी सतरा पूर्ण झाल्यावर सुरू केला. सतरा म्हणजे शाळेच्या दाखल्याप्रमाणे. आमच्या गावात गुरुजी सगळ्याच पोरांना जूनची पहिली तारीख लावून मोकळे व्हायचे, त्यामुळे अर्ध्या गावाचा वाढदिवस एकाच दिवशी. माझं तर त्यांनी वयही वाढवून लावलं, असं आई सांगायची. तसं प्रत्येकीची आई सांगायची म्हणा.

नव्वदीची सुरुवात होती. पेणजवळच्या खाडीकाठच्या आमच्या गावातून मी कॉलेजसाठी रोह्याला आले आणि नदीपलीकडच्या अष्टमी गावात मावशीकडे राहिले. मावशी पूल ओलांडून एका कंपनीच्या कॉलनीत साहेबांकडे स्वयंपाकाला जायची. साहेबांच्या बायको, म्हणजे मॅडम, तरुणपणी परदेशात बॅले शिकून आलेल्या. संध्याकाळी क्लबहाऊसमध्ये त्या कॉलनीतल्या सात-आठ वर्षांच्या पोरींना शिकवायच्या. एकदा मी मावशीकडे घराची चावी मागायला गेले आणि क्लबहाऊसच्या दारातच थांबले. टेपवर पियानो चालला होता. पोरी भिंतीच्या पाइपला धरून, टाचा जुळवून, चवडे बाहेर करून गुडघे वाकवत होत्या. बस्स, एवढंच. आणि मला रडू यायला लागलं. का? आजही माहीत नाही. मला माझाच राग आला.

मावशी शोधत आली. "काय गो, जत्रा बघत बसलीस का काय?"

दुसऱ्या दिवशी मी मॅडमना विचारलं, मी आले तर चालेल का. त्यांनी आधी माझ्या पायांकडे पाहिलं, मग तोंडाकडे, आणि म्हणाल्या, "ये."

पाइप पोरींच्या उंचीला लावलेला, माझ्या मांडीशी यायचा. म्हणून मी खिडकीचे गज धरून उभी राहायची. पायात मावसभावाचे शाळेचे मोजे. शेजारच्या पोरी मला ताई म्हणायच्या आणि माझ्या चुका काढायच्या. मावशी दारातून बघून विचारायची, "हात असे वर धरून कुनाला ओवाळतेस?"

खरी पंचाईत टाचांची होती. आमचं घर मिठागरावरचं. मीठ धरायच्या आधी वाफ्याची माती पायाने तुडवून घट्ट करावी लागते. रांगेने उभं राहायचं आणि एका ठेक्यात टाचा आपटत पुढे सरकायचं. हे मी सहा वर्षांची असल्यापासून केलेलं. आता मॅडम सांगत होत्या, उडी मारून खाली येताना आधी बोटं, मग चवडा, मग टाच, आणि आवाज अजिबात नको. मी उडी मारली की फरशी हादरायची, टेप अडखळायचा आणि पोरी खिदळायच्या. माझा मेंदू सांगायचा बोटं, पाय ऐकायचे टाच. घरी मावशीच्या ओट्याशी, भात शिजेपर्यंत, मी शंभर शंभर उड्या मारायची. खालचे भाडेकरू एकदा वर येऊन विचारून गेले, मसाला कुटताय का.

दोन वर्षं गेली. आवाज कमी झाला. मला वाटायला लागलं की आपण हेच करणार, स्टेजवर, पगार घेऊन. असं कुणी करतं का, कुठे करतं, काही पत्ता नव्हता. एकदा धीर करून विचारलं, "मॅडम, मी यात पुढे जाईन का?"

त्या म्हणाल्या, "तू फार मेहनती आहेस."

आता हे हो समजायचं की नाही? पाहुणे येणार का विचारावं आणि अंगण छान सारवलंय असं उत्तर मिळावं, तशी माझी गत. आठवडाभर मी कधी खूश असायची, कधी चिडलेली.

मग एक दिवस मॅडमनीच बोलावून सांगितलं. मुंबईतले त्यांच्या ओळखीचे एक सर नाचाची मंडळी चालवत होते. दोन नवीन मुली घेणार, तीन वर्षं शिकवणार, राहायची सोय, वर थोडा पगार. ते रविवारी रोह्याला येऊन मला बघून जाणार होते. एकच अट. वय अठराच्या आत हवं, आणि त्याचा दाखला हवा.

शाळेच्या दाखल्यावर मी एकोणीस पूर्ण. पण आईचं म्हणणं खरं असेल तर? तसंच मी गाव गाठलं. ग्रामपंचायतीत ग्रामसेवकांनी जन्माचं रजिस्टर काढलं. त्या काळी बाळाचं नाव कुणी लिहीत नसे, आईबापाची नावं आणि पुढे फक्त मुलगा किंवा मुलगी. मी सांगितलेल्या वर्षापासून त्यांनी बोट फिरवायला सुरुवात केली आणि सापडलं की! माझ्या बापाचं नाव, माझ्या आईचं नाव, मुलगी. मी सतरा वर्षांची होते! मी तिथेच टाळी वाजवली.

ग्रामसेवकांनी खात्रीसाठी मागची पानं चाळली आणि त्यांचं बोट पुन्हा थांबलं. दोन वर्षं आधी. तोच बाप, तीच आई. मुलगी.

"तुम्ही दोघी बहिणी का?"

"नाय. मी एकटीच."

"मग यातली तू कुठली?"

मी घरी पळत गेले. बाबा मिठागरात गेले होते, आई एकटी मासळी साफ करत बसली होती. मी काय पाहिलं आणि दाखला कशाला हवाय ते सांगितलं. तिचे हात थांबले नाहीत.

"मोठी ती तू," ती म्हणाली. "धाकटी दोन महिन्यांची होऊन गेली. ताप आला होता."

"मला कधी सांगितलं नाहीस?"

"तू इचारलंस कवा?"

मृत्यूची नोंद कुणी केली नव्हती. तान्ह्या पोरीसाठी कोण कचेरीत जातंय. मी वेड्यासारखी उंबऱ्यात बसून राहिले. मला एक बहीण होती याचं वाईट वाटून घ्यायचं, की मी एकोणीस पूर्ण आहे याचं, तेच कळेना. आणि खरं सांगते, आधी वाईट वाटलं ते वयाचंच. याची लाज अजून वाटते.

आईने हात धुतले, पदराला पुसले. "तुला कंची पायजे?"

"म्हणजे?"

"धाकटीचा दाखला चालतोय ना तुला? मंग तिचा घे. तिला काय करायचाय आता."

ती स्वतः माझ्याबरोबर पंचायतीत आली आणि ग्रामसेवकांना म्हणाली, "धाकटी हाय ही. मोठी गेली." आवाज जराही हलला नाही. त्यांनी आईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि लिहून दिलं.

रविवारी मी प्लॅस्टिकच्या पिशवीत तो दाखला घेऊन क्लबहाऊसवर गेले. सर ठेंगणे, पांढऱ्या केसांचे. मी खिडकीचे गज धरून जे यायचं ते सगळं केलं. उड्या मारल्या, आवाज झाला नाही. एकदाही नाही! पण डोक्यात नुसता गोंधळ. सतरा वर्षांची मुलगी कशी उभी राहते? हे मी माझ्यासाठी करतेय की तिच्या जागी? ती असती तर तिला बोटांवर उतरता आलं असतं का?

सरांनी मला खुर्चीवर बसवलं, माझा मोजा काढला आणि पाऊल हातात घेऊन हळूच खाली वाकवलं. मग थोडं आणखी. ते वाकेना. त्यांनी खुब्यापाशी हात ठेवून पाय बाहेर फिरवून पाहिला. तोही तेवढाच फिरला. मी पिशवी पुढे केली. त्यांनी ती बघितलीसुद्धा नाही.

"बेटा," ते म्हणाले, "हड्डी पक चुकी है. दस साल पहले आना था."

दहा वर्षांपूर्वी मी मिठागरात माती तुडवत होते. हे त्यांना काय सांगणार? मॅडमनी माझ्या पाठीवर हात ठेवला. त्या मेहनतीबद्दल पुन्हा काहीतरी बोलल्या. मी मोजा घातला.

संध्याकाळच्या एसटीने मी गावी गेले. आई दारातच उभी होती. मला वाटलं, विचारेल, तुला घेतलं का. तिने आधी पिशवीकडे पाहिलं.

"तिचा कागद चालला?"

पिशवीची गाठसुद्धा कुणी सोडली नव्हती.

"व्हय आये," मी म्हटलं. "तिचा चालला. मीच नाय चालले."

आईने पिशवी माझ्या हातातून घेतली, दोन्ही हातांनी छातीशी धरली आणि म्हणाली, "कामाला आली गो माझी पोर."