रोज काय करता?

वारज्यातल्या आमच्या सोसायटीत लॅपटॉप घ्यायचा असला की लोक आधी तिसऱ्या मजल्यावरच्या एका गृहस्थांना विचारत. ते आयटीत होते. माणूस तुसडा, पण सल्ला चोख. "अहो, रोज काय करता ते आधी सांगा," एवढंच विचारत. लाइटबिल भरतो, नातवाशी बोलतो, असं ऐकलं की म्हणत, "मग आठ जीबी रॅम पुरे. जास्त घेऊन काय चंद्रावर यान सोडणार आहात?"

दिवाळीनंतर त्यांची नोकरी गेली. कंपनीने लॅपटॉपही परत घेतला. परवा मला म्हणाले, "दुकानात येता का बरोबर? एकट्याला सुचत नाही."

दुकानात ते सवयीने एका लॅपटॉपवर टाइप करून बघत होते. तिथल्या मुलीने विचारलं, "सर, रोज काय काम करता? त्याप्रमाणे दाखवते."

आता काहीतरी खवचट ऐकायला मिळणार, असं मला वाटलं. स्क्रीनवर त्यांनी 'गुड मॉर्निंग टीम' असं लिहिलं होतं. ते त्यांनी एकेक अक्षर करून पुसलं. स्क्रीन कोरी झाली तरी बोट त्या बटणावरून उचललं नाही.

"सर?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुम्हीच सांगा हो. रोज बघता ना मला."

बघतो. सकाळी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून ते गॅलरीत येतात आणि अंधार पडेपर्यंत तिथेच उभे असतात.

"घरगुती वापराला हवाय," मी मुलीला सांगितलं.