भावजींचा न सुटणारा सांधा

आमच्या भावजींना, म्हणजे ताईच्या यजमानांना, सगळा बाजार डिंकशेठ म्हणतो. लाकडी फळ्या पुरवायच्या आणि त्या एकमेकींना चिकटवून द्यायच्या, हा त्यांचा धंदा. त्यांनी जोडलेला सांधा नखाला लागत नाही, डोळ्याला दिसत नाही आणि ब्रह्मदेवाच्या बापालाही सुटत नाही. घरातलं टेबल सरकवायचं झालं तर ताई आधी त्यांना विचारून घेते, कारण टेबलाने जमिनीशी कायमची सोयरीक केलेली असू शकते. तुटलेलं काही त्यांना बघवतच नाही. ताई एकदा रुसून माहेरी आली, तर तिची चहाची किटली उकळायच्या आत हे दारात हजर!

अशा माणसाच्या वखारीत एके दिवशी एक तरुण डिझायनर बाई आली.

"काका, प्रदर्शनासाठी घर करायचंय. पन्नास वर्षांनंतरचं."

"पन्नास काय, शंभर टिकवून देतो. माझ्यावर सोडा."

"टिकायचं तीन आठवडे. त्यानंतर सुटायला हवं."

भावजींच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. बाईने समजावलं. पुढच्या काळात लाकूडही कमी असणार आणि काचही. तेव्हा घर असं हवं, की उलगडलं तर त्याचा तुकडा न् तुकडा पुन्हा कामाला यावा. प्रदर्शन संपलं की काचवाला त्याच्या काचा नेईल, दिवेवाली तिचे दिवे आणि काका त्यांच्या फळ्या. उद्घाटनाला पाहुण्यांसमोर अख्खं घर हातांनी सोडवून पुन्हा उभं करायचं. खिळा नाही, स्क्रू नाही.

"आणि डिंकाचा एक थेंब नाही," ती म्हणाली.

नावाड्याला कुणी म्हणावं, नाव चालव पण पाणी नको, तसं त्यांना झालं. "मग उभं कशावर राहणार? तुमच्या आशीर्वादावर?"

"पाचरीवर." तिने पिशवीतून वीतभर उंचीचं लाकडी घर काढून गल्ल्यावर ठेवलं आणि त्यावर दोन्ही तळवे टेकून भार दिला. घर हललं नाही. मग बोटाएवढी एक पाचर ओढली, तशी घराची सगळी अंगं गल्ल्यावर अलगद आडवी झाली. भावजींनी ते जोडलं, सोडलं, पुन्हा जोडलं. गिऱ्हाईक ताटकळून निघून गेलं, तरी यांचं सोडणं-जोडणं चालूच. काम त्यांनी घेतलं.

पुढे दोघांची जी जुंपली, ती ऐकायला बाजारातली माणसं मुद्दाम वखारीवरून जाऊ लागली.

"मॅडम, एवढी ढिली खाच? म्हाताऱ्याचा दात बरा!"

"आणि तुमची इतकी घट्ट, की हत्ती लावला तरी सुटायची नाही. परत तासा."

"तुमचं लग्न ठरलं की नवऱ्याला आधी माझ्याकडे पाठवा. चार गोष्टी सांगायच्यात."

"तुमच्या बायकोनेच मला चार गोष्टी सांगितल्यात, काका. तासा!"

काचवाला खुर्चीत पेंगत म्हणायचा, "तुमचं जमलं की मला उठवा." पण जमत गेलं. ती आखायची, हे कापायचे, ती नापास करायची, हे पुटपुटत पुन्हा कापायचे. घर झालं मात्र देखणं. मधोमध उंच कमान, लोकांनी तिच्याखालून आत जायचं.

उद्घाटनाच्या आदल्या दुपारी सगळे चहाला गेले होते. भावजींनी सहज कमानीला हात टेकला आणि कमान कुरकुरली. नवं लाकूड बसताना कुरकुरतंच, हे त्यांना आम्हां सगळ्यांपेक्षा जास्त ठाऊक. पण खालून लेकरंबाळं जाणार, हा विचार एकदा डोक्यात शिरला आणि हात खिशातल्या डिंकाच्या नळीकडे गेला. शिडीवर चढून कमानीच्या माथ्याचा सांधा त्यांनी गुपचूप चिकटवून टाकला. आम्हाला हे दुसऱ्या दिवशी कळलं; तुम्हाला आत्ताच सांगून ठेवतो.

उद्घाटनाला तोबा गर्दी. बाईने पहिली पाचर ओढली. भिंती उतरल्या, काचवाल्याने काचा उचलल्या, दिवेवालीने तारा गुंडाळल्या, टाळ्या पडल्या. उरली कमान. पाचर निघाली, पण माथा सुटेना. दोघांनी दोन बाजूंनी ओढलं, तरी ढिम्म. मागून कुणीतरी फिदीफिदी हसलं. बाईच्या कपाळावर घाम आला.

"दमट हवेने लाकूड फुगलं असेल," ती लोकांना म्हणाली.

लोकांना ते पटलंही. भावजींनी नुसतं गप्प राहायचं होतं.

"फुगलं-बिगलं काही नाही," ते मोठ्याने म्हणाले. "मी चिकटवलंय."

"डिंकशेठ, इथेसुद्धा?" काचवाला ओरडला. हशा पिकला. बाई मात्र हसली नाही.

"का, काका?"

"भ्यालो. तुमच्या पाचरीवर माझा विश्वास नव्हता, मॅडम. चूक माझी, लाकडाची नाही."

त्यांनी करवत मागवली, शिडी चढले आणि स्वतःचा सांधा स्वतः कापायला घेतला. सुटता सुटेना! आयुष्यभर ज्याची फुशारकी मारली, त्याच्याशीच झुंजताना सदरा घामाने भिजला. कापलेली टोकं वाया गेली. मग तिथेच मांडी घालून, पाहुण्यांच्या घोळक्यात, त्यांनी उरलेल्या फळ्यांना नव्या खाचा पाडल्या. बाई शेजारी बसून मापं सांगत होती, आणि या वेळी एकदाही "मॅडम, पण" आलं नाही.

कमान हातभर बुटकी होऊन उभी राहिली. भावजी तिच्याखाली गेले आणि दोन्ही हातांनी तिला चक्क लोंबकळले. साठीला टेकलेला, पोट सुटलेला माणूस!

"अहो, उतरा!" ताई किंचाळली.

कमान कुरकुरली. "कुरकुरू दे," भावजी लोंबकळत म्हणाले. पण कमान उभीच राहिली. त्यांनी खाली उडी मारली, पाचर ओढली, आणि कमान दोन फळ्या होऊन बाईच्या हातांत आली. मघाशी हसणाऱ्यांनीच टाळ्या वाजवल्या.

पुढचे तीन आठवडे ते घर रोज सुटलं आणि रोज उभं राहिलं. शेवटच्या दिवशी भावजींनी आपल्या फळ्या गाडीत रचल्या, एकेकीवरून हात फिरवला. इतकी वर्षं त्यांच्याकडे माल परत आला, तो फक्त तक्रार घेऊन. हा पहिलाच माल हसतखेळत घरी निघाला होता.

"ताई रागावेल," मी म्हणालो. "एवढं सगळं ठेवणार कुठे?"

"ठेवायचंय कुणाला?" म्हणत त्यांनी गाडीची काच खाली करून बाईला हाक मारली, "मॅडम, पुढचं घर कुठे लावायचं?"