अण्णांच्या आवाज न करणाऱ्या गाड्या

डिझेल होतं तेव्हा आमच्याकडे किस्से फारसे घडायचे नाहीत. पाच मिनिटांत टाकी भरली की ड्रायव्हर पसार! आता गाडी तासभर चार्जरला टांगलेली असते. चार ड्रायव्हर एका बाकावर तासभर बसले की दुसरं काय होणार?

मी कॅब सुपरवायझर. चाकण आणि हिंजवडीच्या कंपन्यांत माणसं पोचवायची, हे आमचं काम. गाड्या अण्णांच्या. अण्णा मूळचे हिंजवडीजवळच्या मारुंजीचे. पूर्वी भात लावायचे, आता कॅब लावतात.

चाकणच्या एका कंपनीनं फर्मान काढलं, "पर्यावरणपूरक गाड्या आणा, नाहीतर कॉन्ट्रॅक्ट विसरा." अण्णांचं पर्यावरणप्रेम त्याच दुपारी जागं झालं!

* * *

नव्या गाड्या आल्या. हार घातले, चाकाखाली लिंबं ठेवली, नारळ फुटला. पहिल्या गाडीत ज्ञानोबा बसला. हा आमचा बीडचा ड्रायव्हर, वीस वर्षं डिझेलवर काढलेला.

अण्णा ओरडले, "आरं, चालू कर की!"

"चालूच हाय, अण्णा."

"मंग आवाज का न्हाई?"

"हिला आवाज नसतोच."

अण्णांनी बॉनेटला कान लावला. बराच वेळ ऐकलं. मग उभे राहून गंभीरपणे म्हणाले, "माघारी धाडा. मेल्याली हाय."

* * *

झेंडा दाखवायला कंपनीचे पर्यावरणवाले मोठे साहेब आले. प्रदूषणावर अर्धा तास बोलले. डोळ्यांत पाणी यायचंच बाकी होतं. तेवढा वेळ त्यांची डिझेलची एसयूव्ही गेटपाशी इंजिन चालू ठेवून उभी!

मी त्यांच्या ड्रायव्हरला म्हटलं, "भाऊ, बंद कर की."

"नको राव! पर्यावरणावर बोलून आले की साहेबांना लगेच गार गाडी लागते."

* * *

ज्ञानोबाचा बॅटरीवर काडीचा विश्वास नव्हता. मे महिन्यात हिंजवडीहून निघाला की एसी बंद, खिडक्या खाली. एक दिवस मागे बसलेले आयटीवाले वैतागले.

"काका, एसी लावा ना!"

ज्ञानोबानं स्क्रीनवरचा आकडा पाहिला आणि शांतपणे सांगितलं, "एसी लावला तर मारुंजीपस्तोर. न्हाई लावला तर पार आकुर्डीपस्तोर. तुमी कुठं जायलाव, ते ठरवा."

सगळे गुपचूप रुमाल काढून घाम पुसू लागले.

* * *

कंपनीनं आवारात चार्जर बसवला. वर मोठा बोर्ड, "शून्य धूर". दर गुरुवारी दुरुस्तीसाठी लाइट गेली की हा चार्जर जनरेटरवर चालतो. जनरेटर डिझेलवर चालतो. त्या काळ्या धुरात उभं राहून मी इलेक्ट्रिशियनला विचारलं, "मग उपयोग काय झाला?"

तो म्हणाला, "असं कसं साहेब? धूर आता एकाच जागी निघतो. शिस्त आली!"

* * *

मी राहतो पिंपळे सौदागरला. अण्णांनी एक गाडी मला ये-जा करायला दिली, तर आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी निकम गेटवरच आडवे. "बॅटरीचा स्फोट झाला तर जबाबदार कोण? बाहेर लावा!" मी दोन महिने गाडी रस्त्यावर लावली.

एका रविवारी दुपारी लाइट गेली. सोसायटीचा जनरेटरही बसला. निकमांचे वडील घरी ऑक्सिजनच्या मशिनवर होते. मशिन बंद पडलं. जवळचा छोटा सिलिंडर संपत आला, आणि अॅम्ब्युलन्स ट्रॅफिकमध्ये अडकलेली. निकम आवारात अनवाणी धावत होते, दिसेल त्याचा हात धरत होते.

ज्ञानोबा रविवारच्या फेरीसाठी माझ्याकडची गाडी न्यायला आलेला. त्यानं मला विचारलं, "त्यांचं घर कोणतं?"

तळमजल्यावरचं, बी विंगमधलं. त्यानं गाडी आत घेतली ती थेट कुंड्या उडवत निकमांच्या खिडकीला लावली. या गाडीला बाहेर वीज देणारं सॉकेट आहे. ज्ञानोबा त्यावर चहाची किटली लावायचा, म्हणून त्याला पक्कं माहीत! खिडकीतून वायर आत गेली. मशिन घुरघुरलं. आजोबांचे निळे पडलेले ओठ हळूहळू निवळले. निकम पलंगाजवळ फरशीवरच बसले आणि पोरासारखे रडले.

दोन तास गाडी तिथे उभी होती. अॅम्ब्युलन्स आली तेव्हा आजोबा शुद्धीवर होते. मशिनची घुरघुर ऐकत खिडकीबाहेर बघून पुटपुटले, "गाडी बंद करा रे, उगाच डिझेल जळतंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी नोटीस बोर्डवर निकमांच्या सहीचा कागद होता:

"विजेवर चालणाऱ्या गाड्या सोसायटीच्या आवारात उभ्या करण्यास सक्त मनाई आहे. फक्त बी विंग, फ्लॅट दोनच्या खिडकीखाली एक गाडी कायम उभी असावी."